मुदत आणि मसलत

भारतातून हजला जाणारा यात्रेकरू मदिनेत साधारणपणे आठ दिवस मुक्काम करतो. रोजच्या पाच याप्रमाणे मशिदे नबवीत चाळीस नमाज अदा व्हाव्यात, ही त्यामागची परंपरागत श्रद्धा. आणि या एका श्रद्धेच्या हिशेबावर विमानांच्या फेऱ्या, मशिदीलगतच्या मरकझिया भागातील इमारतींचे भाडेकरार, मक्केकडे सुटणाऱ्या बसगाड्या आणि दवाखान्यातील वैद्यांच्या पाळ्या या सर्वांचे वेळापत्रक अवलंबून असते. मुंबईहून सुटलेले एक विमान एक दिवस लांबले, तर एकतर त्यातील वृद्ध यात्रेकरूंच्या चाळीस नमाजांत खंड पडतो, किंवा त्या खोल्यांवर ज्यांचा पुढचा हक्क आहे असा दुसरा जथा सामानासह दारात तिष्ठत उभा राहतो. जिल्हज महिन्याच्या नवव्या तिथीस अराफातच्या मैदानात उपस्थित राहणे हे हजचे प्राणभूत कर्म असून त्या तिथीला मुदतवाढ नाही. कोणत्याही मंत्र्याच्या सहीने ती एका प्रहरानेही पुढे सरकत नाही.

संस्थांच्या कारभाराविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. उद्दिष्टे उच्च असावीत, नेतृत्व दूरदर्शी असावे, कर्मचारी निष्ठावंत असावेत, हे सर्व मान्य करूनही माझे असे ठाम मत आहे की बहुतेक संकल्प फसतात ते याच्या अलीकडे, अगदी साध्या जागी: वरिष्ठांचा संकल्प एका दफ्तरात, त्यासाठीची पैशाची तरतूद दुसऱ्या दफ्तरात आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या तारखा तिसऱ्याच वहीत राहतात, आणि या तिन्ही वह्या एकत्र मांडून ताडून पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसते. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी वर्षभर पडून राहून मार्चअखेर घाईघाईने खर्ची टाकला जातो, हा आपल्या ओळखीचा अनुभव याच विसंगतीचे फळ होय. ही विसंगती काय करू शकते, याची दोन उदाहरणे हजच्या वाटेशी निगडित आहेत. एक शतकापूर्वीचे, दुसरे अगदी अलीकडचे.

उस्मानी सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने १९०० साली दमास्कसपासून मक्का-मदिनेच्या हिजाझ प्रांताकडे जाणारा लोहमार्ग बांधण्याचे फर्मान काढले. उंटांच्या काफिल्याला सुमारे चाळीस दिवस लागणारा तो प्रवास काही दिवसांवर यावा, साम्राज्याच्या दूरच्या टोकापर्यंत फौज वेगाने पोहोचावी आणि खलिफा म्हणून सुलतानाची प्रतिष्ठा वाढावी, असे तिहेरी प्रयोजन त्यामागे होते. यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गण्या दिल्या, त्यांत हिंदुस्थानातील मुसलमानही होते. सरकारी अधिकाऱ्यांच्या पगारातून कपात झाली. सैनिकांनी मजुरी केली. माइसनर नावाच्या जर्मन अभियंत्याने तांत्रिक बाजू सांभाळली. आणि १९०८ साली सुमारे १३०० किलोमीटरचे अंतर कापून गाडी मदिनेस पोहोचली. द्रव्य, मनुष्यबळ आणि विद्या यांची अशी सांगड क्वचितच कोणत्या राज्याला साधली असेल. तरीही मूळ उद्दिष्ट जे मक्का, तेथवर हा मार्ग कधीच गेला नाही. काफिल्यांना उंट भाड्याने देणे आणि त्यांना सुरक्षित वाट देण्याबद्दल मोबदला घेणे हा ज्या बेदुइन टोळ्यांचा पिढीजात चरितार्थ, त्यांना रेल्वेच्या योजनेत स्थान नव्हते. मक्केचा कारभार पाहणाऱ्या शरीफालाही आपल्या स्वायत्ततेवर ही लोखंडी पट्टी आवळली जाणार अशी धास्ती वाटत होती. परिणामी विरोध इतका प्रखर झाला की मदिनेपुढचे काम सोडून द्यावे लागले. पुढे १९१६ च्या अरब उठावात याच मार्गावर वारंवार सुरुंग लागले, आणि वेढ्यात सापडलेल्या मदिनेत उस्मानी सेनानी फख्री पाशा जानेवारी १९१९ पर्यंत तग धरून राहिला. मदिनेचे ते जुने दगडी स्थानक आता संग्रहालय आहे.

जो संकल्प ज्यांच्या अंगणातून जाणार, त्यांच्याशी आधी मसलत झाली नाही, तर तिजोरी भरलेली असूनही वाट अर्ध्यावर खुंटते, हे हिजाझ रेल्वेच्या इतिहासात मला विशेष विचारणीय वाटते. मदिना आणि मक्का रेल्वेने जोडली गेली ती थेट २०१८ साली, जेद्दामार्गे जाणाऱ्या सुमारे ४५० किलोमीटरच्या हरमैन द्रुतगती मार्गामुळे.

आजचे सौदी राज्य या बाबतीत बरेच शिस्तशीर झाले आहे. एप्रिल २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर करून ते थांबले नाही. त्या मोठ्या घोषणेखाली स्वतंत्र कार्यक्रम ठरविले आणि यात्रेकरूंसाठीही वेगळा कार्यक्रम उभारला. दरसाल ३ कोटी उमरा-यात्रेकरूंचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याला जुळणारी म्हणून मदिनेत मशिदीच्या पूर्वेस ‘रुआ अल मदिना’ प्रकल्पाखाली २०३० पर्यंत ४७,००० खोल्यांची योजना आखली. ही शिस्त शेवटच्या माणसापर्यंत कशी पोहोचते, हे मशिदे नबवीतील रौझा शरीफच्या दाराशी दिसते. त्या मर्यादित जागेत नमाज पढण्याची आस प्रत्येकाला असते. पूर्वी तेथे गर्दीच्या रेट्यावर सारे अवलंबून असे. आता ‘नुसुक’ या मोबाइल अॅपवर आधी परवाना घ्यावा लागतो, स्त्री-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि दाराशी उभा असलेला शिपाई रत्नागिरीच्या आजोबांच्या थरथरत्या हातातील मोबाइलवरचा चौकोनी संकेत तपासून त्यांना आत सोडतो. राजधानी रियाधमधील धोरण आणि त्या आजोबांना मिळणारी काही मिनिटे यांच्यामध्ये एकही कडी निसटलेली नाही. ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही त्यांची यात कुचंबणा होते, हेही खरे. तरुण सोबती नसेल तर परवाना कोण काढून देणार, याची तरतूद यात्रा कंपन्यांनी आपल्या सेवेतच धरली पाहिजे.

याच शिस्तीशी २०२५ साली आपली गाठ पडली. भारताचा त्या वर्षीचा कोटा १,७५,०२५ यात्रेकरूंचा होता. त्यांपैकी १,२२,५१८ जणांची व्यवस्था हज कमिटी ऑफ इंडियाकडे आणि ५२,५०७ जणांची खाजगी यात्रा कंपन्यांकडे. आठशेहून अधिक कंपन्यांचे एकत्रीकरण करून २६ समूह बनविण्यात आले होते. मिना येथील तंबूंची जागा, निवास आणि वाहतूक यांचे करार सौदी सरकारने ठरविलेल्या मुदतीत पुरे करावयाचे होते. कमिटीचे काम पार पडले. खाजगी समूहांचे मात्र मुदतीत पुरे झाले नाही, आणि सौदी पोर्टल बंद झाले. केंद्र सरकारच्या मध्यस्थीने १०,००० जागांपुरते ते पुन्हा उघडले. सुमारे ४२,००० जागा हातच्या गेल्या. पैसे भरलेली, आप्तेष्टांचा निरोप घेण्याच्या तयारीत असलेली कुटुंबे घरीच राहिली. दोषाचा वाटा कोणाचा किती, यावर मंत्रालय आणि कंपन्या यांचे एकमत झाले नाही. परंतु तटस्थपणे पाहता असे दिसते की मंत्रालयाचे स्मरणपत्र, समूहाची अंतर्गत वाटणी, बँकेतून रियाल पाठविण्याचा अवधी आणि सौदी मुदत या चार गोष्टी चार ठिकाणी नांदत होत्या. त्यांना एका कागदावर आणून अराफातच्या तिथीपासून मागे मोजत प्रत्येक कामाची अखेरची तारीख आणि तिला जबाबदार असा एक माणूस नेमण्याचे काम झाले नाही. ज्याने आयुष्यभर पै-पै साठवून रक्कम भरली, त्याला तर या मुदतींचा पत्ताही नव्हता.

आषाढी एकादशी ठरलेली, आळंदीहून प्रस्थान ठरलेले, कोणती दिंडी कोठे चालणार आणि रात्री कोणत्या गावी उतरणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. तिथीपासून मागे मोजण्याची ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. जहाजांच्या काळी, म्हणजे १९९५ पर्यंत, मुंबई बंदरातून जेद्दाला जाणाऱ्या यात्रेकरूलाही आपले जहाज केव्हा सुटणार हे ठाऊक असे.

केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने आणि मुंबईच्या हज हाउसने यापुढे सौदी सरकारकडून येणारे संपूर्ण वेळापत्रक, प्रत्येक मुदतीसह, मराठी, उर्दू आणि अन्य देशी भाषांत हंगामाच्या आरंभीच प्रसिद्ध करावे. कोणत्या कंपनीने कोणता करार कोणत्या तारखेस पुरा केला याची यादी दर आठवड्यास जाहीर करावी. आणि पैसे भरण्यापूर्वी ती यादी मागून घेण्याचा आपला हक्क प्रत्येक यात्रेकरूने निःसंकोचपणे बजावावा.