गॅस वाढवून जोड सुधारत नाही

मिग वेल्डिंग शिकणाऱ्याच्या सुरुवातीच्या जोडांत बारीक छिद्रं हमखास सापडतात. वर्कशॉपच्या भाषेत ब्लो होल. वरून बीड ठाकठीक दिसते, पण ग्राइंडर फिरवला की आत पावासारखी जाळी निघते. अशा वेळी शेजारून येणारा सल्ला ठरलेला असतो : गॅस वाढव. गॅस कमी पडला की छिद्रं पडतात हे खरं असल्यामुळे तो पटतोही. पण कमी पडल्याने जे बिघडतं ते वाढवल्याने सुधारेलच असं नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कोणी मूठभर ओतत नाही. वेल्डिंगच्या प्रशिक्षणात मात्र ही मूठ बेधडक ओतली जाते.

गॅसचं काम एकच, वितळलेल्या धातूपासून हवा लांब ठेवायची. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो तापलेल्या रसात विरघळतो आणि रस थिजताना बाहेर पडू पाहतो. जो बुडबुडा आत अडकतो तेच छिद्र. नोझलमधून गॅस संथ उतरला तर तो रसावर पांघरुणासारखा बसतो. जोर फार झाला की प्रवाह घुसळतो आणि भोवतालची हवाच आत ओढतो. नळ बेताचा सोडला तर धार काचेसारखी पडते, पूर्ण सोडला की फेसाळते, तसंच हे. बंद शेडमध्ये ०.८ मिलिमीटर तारेने साधा पत्रा जोडताना मिनिटाला १० ते १२ लिटर पुरतात, १.२ मिलिमीटर तार आणि जास्त करंट असेल तर १५ च्या आसपास. नेहमीच्या नोझलला २५ च्या पुढे नेलं, तर कमी गॅसने पडणारी छिद्रं जास्त गॅसनेही पडू लागतात.

शिवाय दोष बहुधा दुसरीकडेच असतो. नोझलच्या तोंडाशी छर्रे साचलेले असतात, डोक्यावर पंखा फिरत असतो, टॉर्च जोडापासून लांब धरलेला असतो, पाइप गळत असतो, पत्र्यावर रंग किंवा तेल असतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा हीटर बंद असेल तर रेग्युलेटर गोठतो. त्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, म्हणून द्रव संपेपर्यंत दाबाचा काटा फारसा हलत नाही; निम्मं सिलिंडर रिकामं झालं तरी काटा जागचा जागीच. फ्लोमीटरमधली गोळीही सिलिंडरमधून किती गॅस सुटला तेवढंच सांगते, नोझलपर्यंत किती पोचला ते नाही. त्यासाठी नोझलच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची छोटी मोजनळी मिळते. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर वाटेत गळती किंवा अडथळा आहे. नॉब फिरवून तो सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की कार्बन डायऑक्साइड स्वस्त आहे, चार लिटर जास्त गेले तर काय बिघडलं? पैसा बाजूला ठेवला तरी छिद्राचा प्रश्न उरतोच. आणि आर्गॉनचं मिश्रण तर स्वस्तही नाही. ७ घनमीटरचं सिलिंडर मिनिटाला १० लिटरने जवळपास १२ तास चालतं, २० लिटरने सहा तासही नाही. दुसरा आक्षेप अनुभवी कारागिरांचा : आम्ही कधी मोजलं नाही, आवाजावरून कळतं. कळतंही. पण तो कान वर्षानुवर्षांच्या कामातून तयार झालेला असतो, शिकाऊ मुलाकडे तो नसतो; त्याला आकडाच हवा. तिसरा आक्षेप उघड्यावरच्या कामाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. वाऱ्यात गॅस थोडा वाढवावा लागतो. पण सेकंदाला दोन मीटरच्या झुळकीनेही आवरण विस्कटू लागतं. तिथे आडोसा करावा, नाहीतर साधी वेल्डिंग रॉड हातात घ्यावी.

म्हणून आयटीआयमध्ये आणि कारखान्यांतल्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात एक प्रात्यक्षिक व्हावं. भंगारातल्या एकाच पट्टीवर तीन बीड मारायला लावाव्यात : ५, १२ आणि ३५ लिटरवर. मग ग्राइंडरने तिन्ही उघडाव्यात. कमी आणि जास्त अशा दोन्ही टोकांची जाळी ज्याने शेजारी शेजारी पाहिली, तो पुढे छिद्र दिसताच आधी नोझल साफ करेल, पंखा बंद करेल, पाइपला साबणाचं पाणी लावेल. नॉबकडे त्याचा हात सगळ्यात शेवटी जाईल.