आभाळ नको, पाढा द्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या कुपवाडात वक्ते पोरांना बजावतात, "ध्येय आभाळाएवढं ठेवा!" मंडळी, मला हे साफ नामंजूर आहे. या उपदेशानं खचलेली पोरं मी पाहिलीत. उपदेश करणाऱ्यांत मीही होतो.

आपल्याच जिल्ह्यातले, पेठचे मुरलीकांत पेटकर पाहा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मुष्टियुद्ध सुटलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं.

कुणी म्हणेल, हे आभाळच की! अहो, पण सुरुवात जमेल तिथून झाली ना? नापास पोराला आधी सातचा पाढा येऊ द्या. तो आला की मान आपोआप ताठ होते.