धावणारा उंदीर काय पाहतो

उंदीर एका हलक्या चेंडूवर उभा आहे आणि चेंडू हवेच्या झोतावर तरंगतो आहे. उंदराचे डोके पक्के बसवलेले, पाय मोकळे, समोर पडद्यावर सरकते पट्टे. सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस्तोफर नील आणि मायकेल स्ट्रायकर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. उंदीर धावू लागला की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशींचा प्रतिसाद दुपटीहून अधिक वाढे. पट्टे तेच, कोणती पेशी कोणत्या कलाच्या रेषेला दाद देते तेही तेच. वाढे तो फक्त जोर.

रेषांच्या कलानुसार दाद देणाऱ्या या पेशी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ साली मांजराच्या मेंदूत दाखवल्या होत्या. १९८१चे नोबेल त्यांना मिळाले, तेही अगदी योग्य. पण ती मांजरे भूल दिलेली होती. पुढे कितीतरी वर्षे दृष्टीचा बराचसा अभ्यास अशाच निपचित प्राण्यांवर झाला, आणि स्वतःच्या पायांनी हिंडणारा जीव जग कसे पाहतो, हा प्रश्न मागे पडला.

हा जोर येतो कुठून? स्ट्रायकर यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली त्यामागची जोडणी उलगडली. धावताना ‘व्हीआयपी’ नावाच्या पेशी चेततात, अगदी अंधारातसुद्धा. त्या सोमॅटोस्टॅटिन पेशींना गप्प करतात, आणि या पेशींनी दाबून धरलेल्या पेशी मोकळ्या होतात. दाबणाऱ्यालाच दाबायचे, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. त्याच वर्षी असेही दिसले की, पिल्लूपणी एक डोळा बंद ठेवल्यामुळे अधू झालेली मोठ्या उंदरांची नजर, धावताना चित्रे दाखवल्यास झपाट्याने सुधारते. नुसत्या धावण्याने किंवा नुसत्या पाहण्याने तसे होत नाही. मुलांच्या ‘आळशी डोळ्या’वर हा उपाय सापडला, असे मात्र कुणी पालकांना सांगू नये, उंदरापासून मुलापर्यंतची वाट लांब आहे.

आपल्या शाळांत डोळा शिकवला जातो तो भिंगांच्या धड्यात. नेत्रभिंग, दृष्टिपटल, उलटी प्रतिमा, मग चष्म्याचे नंबर. मेंदूच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते. त्या धड्याला दोन पाने जोडा. ह्यूबेल-वीझेलची मांजरे आणि चेंडूवरचा उंदीर त्यात सहज मावतील, आणि दहावीच्या मुलांना ते समजेल.