नर्सिंगला का जायचंय? आधी लेकीला विचारा, मग पैसे भरा

गेल्या आठवड्यात सकाळी सातलाच धारूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, तुम्ही बातम्या लिहिता म्हणून विचारतो. पोरगी नर्सिंगला जायचं म्हणतीय. एक जण आलाय, सीट पक्की करून देतो म्हणतो. आज चाळीस हजार भरा, बाकीचे नंतर. भरू का?"

मी म्हणलं, "आज भरू नका. संध्याकाळी येतो."

असा फोन काही पहिला नाही. या दिवसांत आपल्या जिल्ह्यात माणसं दोनच गोष्टींच्या मागं पळत असतात, युरिया आणि ॲडमिशन. दोन्हीकडं मधला माणूस हजर असतो.

संध्याकाळी गेलो. पोरगी बारावी सायन्स, ५८ टक्के. सीईटी दिलेली. मी विचारलं, "बाळा, नर्सिंगच का?" ती लगेच म्हणाली, "रुग्णांची सेवा करायची आहे." पाठ केल्यासारखं उत्तर होतं. वडलांनी मान डोलावली. चहा झाला, वडील बैलाला वैरण टाकायला उठले, तेव्हा ती हळूच बोलली.

"खरं सांगू का काका? आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आईबापू कारखान्यावर होते. दवाखान्यात अकरा रात्री मीच होते. पूर्ण वॉर्डाला रात्री एक सिस्टर. त्यांनी मला शिकवलं, आजीला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं. सकाळी डॉक्टर आले की आधी सिस्टरला विचारायचे, पेशंट कसा आहे. आमच्या घरात मला कुणी काही विचारत नाही."

थोडं थांबून म्हणाली, "आणि शिकायला गेले तर चार वर्षं लग्नाचं कुणी काढणार नाही."

मंडळी, हा लेख त्या दोन वाक्यांसाठी लिहितोय.

लग्नाची गोष्ट आधी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं होतं. कारण आपल्याला माहीत आहे. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन जोडपी कारखान्याला निघतात. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. मग लग्न लावून देतात. अशा घरातल्या पोरीला होस्टेल असलेलं, घरच्यांना पटणारं शिक्षण पाहिजे असतं. नर्सिंगला बाप तयार होतो, कारण तिथं मुलीच जास्त असतात आणि शेवटी नोकरी दिसते. गावातली सिस्टर त्यानं बघितलेली असते.

मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागं आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० मागं एक आरोग्य उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. बऱ्याच गावांत पोरींनी बघितलेली पहिली पगारदार बाई म्हणजे या उपकेंद्राची सिस्टर. ती लस देते, बाळंतिणीला बघते, स्कूटीवर येते आणि तिला सरपंच पण 'मॅडम' म्हणतो. पोरीच्या मनात नर्सिंग तिथून शिरतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

'सेवा' म्हणलं की पगार गायब

मला अडचण आहे ती 'सेवा' या शब्दाची. शब्द चांगला आहे, पण तो पोरींच्या तोंडी घालून त्यांच्या पगाराचं तोंड बंद केलं जातं. तालुक्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या दोन-तीन पोरींना विचारलं. आठ-दहा हजारांच्या पुढं कुणी आकडा सांगितला नाही. बारा-बारा तासांची ड्युटी. पगार वाढवा म्हणलं की ऐकायला मिळतं, "हे सेवेचं क्षेत्र आहे."

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीनं २०१६ मध्ये काय शिफारस केली ते बघा. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढा पगार द्यावा. शिफारस कागदावर राहिली. आपल्याकडचे आठ-दहा हजार आणि हे वीस हजार, फरक तुम्हीच मोजा.

सरकारी नोकरीत चित्र वेगळं आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचा मूळ पगार २५,५०० पासून सुरू होतो, सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचा ३५,४०० पासून. महागाई भत्ता वेगळा. पण कायम जागा निघायला वर्षं लागतात आणि मधल्या काळात कंत्राटावर माणसं घेतली जातात. राज्यातल्या सरकारी परिचारिका मे २०२२ मध्ये आणि परत जुलै २०२५ मध्ये संपावर गेल्या. दोन्ही वेळेला कंत्राटी भरतीला विरोध हा मोठा मुद्दा होता. संप झाला की आपण म्हणतो, पेशंटचे हाल केले. हाल होतात, खोटं नाही. पण भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक परिचारिका असा आहे. पूर्ण वॉर्डाला रात्री एक सिस्टर असते, तेव्हा हाल रोजच चालू असतात. ते बातमीत येत नाहीत एवढंच.

गरज मात्र खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगात सुमारे ५८ लाख परिचारिका कमी असल्याचं म्हटलंय. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण तिकडं जायचं तर आधी जर्मन भाषा शिकावी लागते. "कोर्स झाला की थेट परदेश" असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

दरवाजा कुठला, ते ओळखा

मग त्या चाळीस हजारांचं काय? इथं बारकाईनं वाचा.

नर्सिंगचे मुख्य कोर्स तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. एएनएम आणि जीएनएमला बारावी आर्ट्सवाली पण चालते. बीएस्सीला मात्र बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं आणि राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. बीएस्सीचं कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न पाहिजे. कुठलाही कोर्स असो, शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नाव नोंदवता आलं पाहिजे. ती नोंदणी नसेल तर सरकारी भरतीचा फॉर्म सुद्धा भरता येत नाही.

तालुक्याला बोर्ड लागलेले दिसतात, "सहा महिन्यांत नर्सिंग". त्या कागदावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. पोरगी पांढरा कोट घालते, दवाखान्यात 'सिस्टर' म्हणवून घेते, पण कायद्यानं ती नर्स नसते. मालकाला ते सोयीचं असतं. स्वस्तात माणूस मिळतं आणि ते कुठं तक्रार पण करू शकत नाही.

आता फीचं. राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी आधीपासूनच वेगळ्या योजना आहेत. पण मेख अशी की, माफी मिळते ती सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. होस्टेल आणि मेसचा खर्च आपलाच.

म्हणजे जो माणूस चाळीस हजार घेऊन 'सीट पक्की' करत होता, तो पोरीला बहुतेक अशा दारातून नेणार होता, जिथं फी माफ होणारच नाही. राउंडमध्ये नंबर लागला असता तर जी सीट फुकट पडली असती, तिच्यासाठी बापानं उचल घेतली असती. आणि उचल फेडायला परत कोयता.

मी त्यांना तीनच प्रश्न लिहून दिले. कॉलेजचं नाव काय आणि ते कौन्सिलच्या यादीत आहे का? प्रवेश कॅपमधून आहे का कोट्यातून? पैशाची पावती कॉलेजच्या नावानं मिळेल का? दुसऱ्या दिवशी त्या माणसाला विचारलं, तर पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "नाव नंतर सांगतो, आधी टोकन द्या." टोकन दिलं नाही.

पोरीनं आता राउंडचे पर्याय भरलेत. बीएस्सीला नंबर लागला तर ठीक, नाही तर जीएनएमचा अर्ज भरायचं ठरलंय. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला यांसाठी बाप-लेक दोन दिवस तहसीलला चकरा मारत होते. तुमच्या घरी पण कुणी फॉर्म भरणार असेल तर हे कागद आधी काढून ठेवा, शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही.

आणि एक करा. लेक नर्सिंगला जायचं म्हणाली तर तिला का म्हणून विचारा आणि 'सेवा' या उत्तरावर थांबू नका. वैरण टाकून आल्यावर त्या बापानं तिला माझ्यासमोरच विचारलं. तिनं आजीच्या अकरा रात्रींचं सगळं सांगितलं. लग्नाचं मात्र बोलली नाही. बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार वर्षं तर चार वर्षं. तोवर तुझ्या लग्नाचं कुणाला काढू देत नाही."