फोटो काढा, पण घरट्याचा नको

मैत्रिणींनो, दिवाळीचे पाहुणे परतले, की मुलं मागं लागतात, "आई, कुठंतरी जाऊ या!" अशा वेळी लांबच्या सहलीचा खर्च कशाला? आम्हां तेलगावकरांना सिंदफणेवरचं माजलगाव धरण जवळच आहे. पूर्ण दिवस मोकळा असेल तर पैठणला जावं. तिथल्या नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्य जाहीर केलं. थंडीत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथं पाहायला मिळतात.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. यांमधले दिवस आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. मुहूर्त आयताच मिळाला!

तयारी सोपी आहे. उजाडता उजाडता काठावर पोचा. भडक साडी टाळा. मातकट, हिरवट रंग बरे. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाणी, वही-पेन्सिल आणि मिळाल्यास दुर्बीण घ्या. फोटो काढताना ऊन पाठीशी ठेवा, म्हणजे साध्या मोबाइलवरही पिसांचे रंग खुलतात. पक्षी खाणं सोडून मान ताठ करून पाहू लागला, की आपण फार जवळ गेलो असं समजा आणि तिथंच थांबा.

आता मुद्द्याचं सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं मोबाइल घेऊन घरटी शोधत फिरतात. हे मात्र होऊ देऊ नका. टिटवी उघड्या माळावर, खड्यांमध्येच अंडी घालते, बहुधा ४. नर-मादी दोघंही आळीपाळीनं अंड्यांवर बसतात (घरच्या मंडळींना हे जरूर ऐकवा!). रणरणत्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात नि अंडी गार ठेवतात. आपण फोटोसाठी तिथं रेंगाळलो, तर ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालतात आणि खाली अंडी तापत राहतात. फार तापली, तर आतला जीव जातो. शिवाय आपण कुठं वाकतो, ते कावळेही हेरतात. घरट्यांची, अंड्यांची नासधूस १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पण मुलांना कायद्याआधी त्या पिल्लांचं सांगा, लगेच पटतं.

त्याऐवजी त्यांना वहीत तारीख, जागा आणि पक्षी काय करत होता ते लिहायला लावा. सुरुवात वारकरी पक्ष्यापासून करा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. लहान मूलसुद्धा ओळखेल!