जिभेवरचा ‘र’

मंडळी, राम राम.

हा एवढा साधा राम राम. पण आमच्या चुलतभावाला तो कधी धड म्हणता आला नाही. ‘लाम लाम’ व्हायचं. त्याच्या स्वतःच्या नावातच ‘र’, त्यामुळं नाव सांगायची वेळ आली की वर्गात हशा पिकायचा. गुरुजी मुद्दाम त्यालाच धडा वाचायला उभं करायचे. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं जीभ वळेल म्हणून. जीभ काही वळली नाही, पोरगं मात्र गप्प झालं. आज साठी ओलांडलीय त्यानं. कालव्याच्या पाण्याची पाळी कुठं चुकते, कुठल्या चारीला पाणी पोचत नाही, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नाही. पण ग्रामसभेत तो मागच्या भिंतीला टेकून बसतो आणि बोलतात ते दुसरेच.

त्याची आठवण निघाली ती अमेरिकेतल्या एका पोरीमुळं. अमांडा गोरमन तिचं नाव. बघा, हिच्याही आडनावात ‘र’ आहेच.

१९९८ सालचा जन्म, जुळ्या बहिणींतली ही एक. लॉस एंजेलिस शहरात वाढली. आई शाळेत शिकवायची आणि एकटीच्या हिमतीवर मुलांना वाढवायची. पोरीला लहानपणापासून दोन अडचणी. ऐकलेलं डोक्यात नीट उतरायला त्रास आणि बोलताना काही अक्षरं जिभेवर येईनात. त्यातला ‘र’ सगळ्यात हट्टी. तो कॉलेजात गेली तरी तिला छळत होता. मग ती करायची काय? लिहितानाच ‘र’ चुकवायची. इंग्रजीत मुलीला ‘गर्ल’ म्हणतात आणि जगाला ‘वर्ल्ड’, दोन्हीत ‘र’. तेव्हा त्याच अर्थाचे, पण ‘र’ नसलेले शब्द ती शोधून काढायची. आडवाटेनं का होईना, पण बाजार गाठायचाच! ती स्वतः सांगते की, या शोधाशोधीतूनच शब्दांवर तिचा हात बसला.

सराव कसा केला तेही ऐका. तिकडं ‘हॅमिल्टन’ नावाचं एक संगीत नाटक फार गाजलं. त्यात ‘आरॉन बर सर’ असं एक गाणं आहे. नावातच तीन ‘र’, आणि आत तर पेरणीच. ते गाणं तिनं पुन्हापुन्हा घोकलं. हे जमलं तर आपली कविताही म्हणता येईल, असा तिचा हिशेब.

हिशेब बरोबर निघाला. २० जानेवारी २०२१ रोजी ज्यो बायडेन यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी झाला, तिथं तिनं कविता म्हटली. वय वर्षं २२. (हे बायडेनही लहानपणी अडखळत बोलायचे, बरं का.) दुसऱ्या दिवशी जगभर तिचं नाव झालं. आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, तिची कविता झाली ती थेट सुपर बोलच्या सामन्यात.

सुपर बोल म्हणजे त्यांच्याकडच्या फुटबॉलचा वर्षातला शेवटचा, सगळ्यात मोठा सामना. नाव फुटबॉल असलं तरी काम पायापेक्षा हाताचंच जास्त. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट सरकलात तर डाव तुमच्याकडं राहतो, नाहीतर चेंडू सोडा. थोडक्यात, बांध कोरत कोरत शेजाऱ्याच्या रानात शिरायचा खेळ. आपल्यातल्या काहींना न शिकवता येईल!

त्या वर्षी सामना फ्लोरिडा राज्यातल्या टँपा शहरात होता. कोरोनाचे दिवस. पाऊण लाखाच्या आसपास माणूस मावेल अशा मैदानात फक्त पंचवीसेक हजारांना आत घेतलं. त्यातले साडेसात हजार लस घेतलेले आरोग्य कर्मचारी होते, त्यांना तिकीट फुकट. उरलेल्या खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवली होती. आपण ज्वारीत बुजगावणी उभी करतो तशी हजारोंनी. टीव्हीवर मात्र साडेनऊ कोटींच्या वर लोक बघत होते. त्या दिवशी अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीचा दर सुमारे पंचावन्न लाख डॉलर होता. आपले चाळीस कोटी रुपये धरा. अशा सोन्याच्या वेळेतली दोनेक मिनिटं कवितेला मिळाली. त्याआधी या सामन्यात कधी कुणा कवीला बोलावलं नव्हतं.

आपल्याकडं कुस्तीच्या फडात हलगी कडाडली की पैलवानाचं नाव गर्जतं, तसं तिनं खेळाडूंचं कौतुक केलं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. कविता होती तीन साध्या माणसांवर. त्या दिवशी नाणेफेकीसाठी त्यांना मानाचे कर्णधार नेमलं होतं. एक माजी सैनिक, जो पोरांचे सामने चित्रित करून घरी बसलेल्या नातेवाइकांना दाखवायचा. एक शिक्षक, ज्यानं शाळा बंद असताना मुलांना लॅपटॉप अन् इंटरनेट मिळवून दिलं. आणि तिसरी त्याच टँपातल्या दवाखान्याची परिचारिका, कोरोनाच्या अतिदक्षता विभागाची प्रमुख. तिचे स्वतःचे आजी-आजोबा त्या आजारानं गेले होते आणि ही दुसऱ्यांच्या माणसांच्या उशाशी उभी होती.

खरं सांगू? कविता म्हणून मला जानेवारीतलीच सरस वाटते. सांगून करून घेतलेल्या स्तुतीत कवीचे हात थोडे बांधलेले असतातच. पण तिनं उगाच फुगवलं नाही. कोणी काय केलं तेच सांगितलं. कोटीभर डोळे खेळाडूंच्या वाटेकडं लागलेले असताना एका नर्सबाईचं काम त्यांना ऐकायला लावणं, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

सामना टँपाच्या संघानं ३१–९ असा मारला. घरच्या मैदानावर सुपर बोल जिंकणारा तो पहिलाच संघ. ते एवढंच.

परवा चुलतभाऊ आला होता, त्याला मोबाइलवर ही पोरगी दाखवली. इंग्रजी त्याला येत नाही. तरी त्यानं दोनदा बघितलं. तिच्या हातांकडं नव्हे, सगळं लक्ष तोंडाकडं. मी त्याला ‘र’ ची हकिकत सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग चहाची बशी खाली ठेवून विचारलं, “आपल्याकडं तसलं गाणं कंचं?”

मला चटकन सांगता आलं नाही. तेव्हा मंडळी, तुमच्याकडं ‘र’ नं गच्च भरलेली एखादी जात्यावरची ओवी, भलरीचं गाणं, नाहीतर उखाणा असेल तर कार्डावर लिहून धाडा. आयाबायांना जरूर विचारा, त्यांच्याकडं निघेल. नातवंडांपैकी कुणाची जीभ अडत असेल तर तेही कळवा. अक्षर जरा मोठं काढा, त्याला चष्म्याशिवाय वाचायचं असतं.