मानाचे कार्ड आणि पगाराचे गणित

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. आज त्याच अहिल्यानगरातील पगारदारापुढे कर्ज 'प्रीमियम' कार्डाच्या रूपाने, मानाचे पान म्हणून येते. त्याचा हिशेब मांडलाच पाहिजे. वार्षिक शुल्क १०,००० रुपये धरल्यास १८ टक्के जीएसटीसह ते ११,८०० होते. परतावा एक टक्का असेल, तर ते भरून निघण्यास वर्षाला ११,८०,००० रुपयांची खरेदी हवी. एवढा पगार तरी किती शिक्षकांना आहे? शिवाय बाकी थकली आणि व्याज दरमहा ३.५ टक्के असले, तर सरळ हिशेबानेच ते वर्षाला ४२ टक्के होते. कार्डाची निवड प्रतिष्ठेवरून नव्हे, स्वतःच्या खर्चावरून व्हावी. न वाचता रोख्यावर अंगठा उठविणाऱ्या पूर्वजाला निरक्षरतेची सबब होती. पदवीधराला ती नाही.